सरकी

गेले तेव्हा एसटीनं गेले होते,
हे मी विसरले. ती विसरली नव्हती.

चौतीस दिवस नदीच्या उलट चालत आले,
जिथं वर्धा आपलं नाव सोडून देते तिथून
आमच्या गावच्या डोहापर्यंत.
पायांत नातवाचे जुने बूट, पुढं चिंध्या कोंबलेले,
खांद्याला कंडक्टरकीतली कातडी पिशवी,
आत सुट्ट्या पैशांऐवजी फुटाणे, मेणबत्ती, काटे काढायचा चिमटा.
एकवीस वर्षं लोकांना तिकिटं फाडून दिली,
एकदा बिनतिकिटाचं जायचं होतं कुठंतरी.

शेवटचे दोन दिवस, खरं सांगते,
मी नदीकडं पाहिलंच नाही.
बोरीच्या कुंपणाखालून ती कशी सुटेल,
अंगावर कशी येईल, मी कशी पडेन.
पडायची जागासुद्धा ठरवून ठेवली होती,
नांदीच्या अलीकडं, जिथं माती मऊ आहे.

फाटक उघडं. गंजात पाणी.
बाजेखाली तिनं उकरलेला खड्डा,
खड्ड्यात माझी एक चप्पल,
कडेनं चावलेली, पण जपून.
सरकी नाही.

पंचफुलाबाई भिंतीवरून म्हणाली,
"आली काय वं! वाळून पार पऱ्हाटी झाली तू."
मग म्हणाली, "तुही कुत्री फाट्यावर हाय.
रोज जाते संध्याकाळच्या आर्वी गाडीले.
भाकर टाकली त खाते,
पण गाडी गेल्यावरच."

फाटा दीड किलोमीटर.
साडेतीनशे चालून आलेल्या बाईला
दीड किलोमीटर केवढा असतो ते विचारू नका.
कापलेल्या तुरीची खुटं बुटाला लागत होती,
उजेड पऱ्हाट्यांच्या वर वीतभर उरला होता.

निंबाखाली बसली होती, रस्त्याकडं तोंड करून.
एक कान उभा, एक नेहमीसारखा मोडलेला.
कापसाच्या गंजीत सापडली तेव्हा
बोंडातल्या बीएवढी वाटली होती,
तेच नाव राहिलं.
मी हाक मारणार होते. मारली नाही.
गाडी येतच होती.

दार उघडलं. ती उठली
आणि एकेक माणूस तपासत गेली:
शाळेची दोन पोट्टी,
संत्र्याची पेटी घेतलेला म्हातारा,
डोक्यावर शेगडी धरून उतरणारी कुणाची तरी नवी सून.
नवा कंडक्टर पायरीवरून म्हणाला, "आजही नाही गं,"
आणि डबल बेल दिली.

मी तिच्या मागं सात पावलांवर उभी.
आपल्यासाठी कुणी निराश होताना
असं पाठीमागून बघायला
माणसाला सहसा मिळत नाही.

धूळ बसली. वारा फिरला.
आधी नाक वळलं, मग मान, मग उरलेली ती.

धावली नाही.
आली, आणि मार्गतपासणीच्या साहेबासारखी
बुटाच्या टाचेपासून सुरू झाली.
घुग्घुसचा कोळसा. डांगरवाडीतली वाळू.
तीन तालुक्यांचं शेण.
आणि एका देवळाच्या ओट्यावर
माझ्या पायाशी निजलेला परका कुत्रा.
तिथं थांबली. फार वेळ.
मग वर पाहिलं.

"अगं, थंडी होती," मी म्हटलं.

गावानं नंतर विचारलं, किती किलोमीटर,
पाय सुजले काय, वाघ दिसला काय.
सगळं वेबिल फक्त तिनं वाचलं,
आणि वाचून झाल्यावर
त्याच बुटावर शांतपणे मुतली.
मग अंगावर आली.
मी पडले, ठरवल्या जागी नाही,
डांबरावर, कोपर सोलून.

घरी जाताना ती पुढं.
दर दहा पावलांवर वळून बघायची,
जणू रस्ता मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पाचाच्या सुमाराला उठली,
अंग झटकलं, फाट्याकडं निघाली.
"अवं, मी इथं आहे ना," म्हटलं.
शेपटी हलवली, थांबली नाही.
मी ती चावलेली चप्पल पायात घातली
आणि मागं लागले,
गाडीतून कोण उतरतं ते बघायला.