बुरा

चोपड्यात मे महिन्यात
नळाचं पाणीसुद्धा हाताला चटका देतं,
आणि तरी आमच्या पुढच्या खोलीत
बुरा आला.

लोणच्याला येतो, भाकरीला येतो, ठाऊक होतं.
गालिच्याला येतो हे मला नाकाने सांगितलं,
एका दुपारी,
दार बंद, पडदे ओले, कूलर भरधाव,
आणि वाळ्याच्या वासाखाली दुसरा एक वास,
दप्तरात सुट्टीभर विसरलेल्या डब्याचा.

गोजरबाई वाटी परत द्यायला आली,
उंबऱ्यातच थबकली.
"कसाना वास ई राहिना वं?"
कूलरचा, मी म्हटलं.
खोटं नव्हतं.
टाकीतला चेंडू अडकायचा,
रात्रभर पत्र्याच्या पायावरून उतरायचं पाणी,
थेंब थेंब,
आणि गालिचा पीत राहायचा. आवाज नाही, काही नाही.

गालिचा सुरतेचा.
नणंदेने, कुमुदताईंनी, वास्तुशांतीला धाडलेला,
लक्झरीच्या टपावर बांधून.
मरून रंग, कडेने सोनेरी वेल.
दर रविवारी व्हिडिओवर म्हणायच्या,
"जरा गालिचा दाखव गं."
मी फोन धरायची
टिपॉयच्या अलीकडे.

कोपरा उचलला तर खाली
हिरवट काळी वर्तुळं, एकात एक,
कुणी पंगतभर ओले पेले ठेवून उठून गेल्यासारखी.
मी झाडूने झाडलं. ती माझी चूक.
पिठीसारखं उडालं, खिडकीच्या तिरपेत तरंगलं,
आणि धाकट्याला रात्रभर खोकला.

मग तोंडाला ओढणी बांधून
व्हिनेगर, कापूर, लिंबाच्या पाल्याचं पाणी,
ह्यांच्या हट्टापायी थोडं रॉकेल
(ते नको होतं),
आणि शेवटी गच्ची.
दोघांनी खांद्यावर घेऊन जिने चढलो.
ओला गालिचा माणसाएवढा जड होतो.
वर गोजरबाईचे बिबडे वाळत होते.
तिने खाट सरकवली, काही न बोलता,
चांगली चार हात.

चार दिवस ऊन दाखवलं,
पंचेचाळीस डिग्रीचं, सुलटं आणि उलटं.
केस वाळून खराट्यासारखे कडक झाले.
पण पाठीचा फोम
अंगठ्याने दाबला की अजून गार,
आणि अंगठ्याला तोच वास.

पाचव्या दिवशी कुमुदताईच आल्या,
न कळवता, सकाळच्या गाडीने, थेट गच्चीवर.
मी घाबरून एवढंच म्हणाले,
"ताई, बुरा आला."
सुरतेत राहून त्यांचे कान हिंदी झालेत.
"बुरा कशाला मानू?" म्हणाल्या,
आणि मग खाली बघितलं.

गुडघ्यांवर बसल्या. हुंगलं.
"पुराच्या साली आमच्या भिंतींना
असेच केस फुटले होते.
तुमचीच तापी, वरून आलेली.
पाणी गेलं, सोफा राहिला.
सासऱ्यांनी घेतलेला, टाकणार कोण?
दोन महिने त्याच्याशेजारी झोपले.
छातीतली शिट्टी अजून आहे, ऐक."
ऐकू आली.

"कात्री आण."
कात्री अडली. खालच्या अशोकदादांचा
केळीचे घड कापायचा कोयता आणला.
त्यांनी ताणून धरला, मी चालवला,
पहिल्यांदा भीत, मग नाही.
घंटागाडीवाला आधी नाही म्हणाला,
मग वीस रुपयांत हो म्हणाला.

दोन हात गालिचा उरला, वेल एकाच बाजूला.
"हाही ठेवू नकोस," म्हणाल्या जाताना.
मी ठेवलाय, जिन्याखाली, उभा.
आठवड्यातून एकदा हुंगते.

कूलर आता खिडकीबाहेर, विटांवर.
खोलीत नुसती फरशी.
दुपारी तिच्यावर पाठ टेकते.
थेंब पडला तर आता
टप्प असा ऐकू येतो,
आणि मी उठते.