छाट

एका कट्ट्यात पंचवीस विड्या.
सातगोंडा चेकर कट्टा उचलायचा,
तोंडांवरून अंगठा फिरवायचा,
आणि अंगठ्यालाच कळायचं
कुठली पोकळ, कुठलीचं पान जून, कुठलीचा दोरा ढिला.
छाट.
ती खाली पडायची, फरशीवर,
त्याच्या पायताणाजवळ.
हजारात साठ, कधी ऐंशी.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
ती कुठं जायची हे निपाणीत सगळ्यांना ठाऊक होतं
आणि कुणी विचारलं नाही.

एकतीस वर्षं मी त्याच्यासमोर उकिडवी बसले.
त्यानं माझ्या तोंडाकडं कधी पाहिलं नाही.
मी मात्र त्याचा अंगठा पाठ केला:
नखात काळी रेघ, पेरावर जुनी भाजल्याची खूण.

घरी येताना तो अंगठा माझ्याबरोबर यायचा.
मालनचं पोर नापास. छाट.
मालनची जाऊ नवं पातळ नेसून जत्रेला गेली,
नवरा जाऊन वर्ष नाही. छाट.
गोकाकहून आणलेली सून, महादेवी,
भाकरी आमच्यापेक्षा पातळ थापायची,
झोपेत कानडी बोलायची.
मी भाकरीची कड चाचपून बघायची. गप्प.
गप्प राहूनही माणूस खाली पाडता येतं.

रात्री दिवा घालवला की माझा कट्टा.
आई गेली तेव्हा मी हजार पुरा करत बसले होते.
पोरीला सातवीतनं काढून
तिच्या मांडीवर सूप दिलं.
फिरव अंगठा.
पंचवीसातल्या पंचवीस.

परवा बँकेत, पेन्शनच्या दिवशी,
माझ्यापुढं एक म्हातारा.
मशीनवर अंगठा ठेवला. तांबडा दिवा.
धोतरावर घासला, परत ठेवला. तांबडा.
काउंटरवरची पोरगी म्हणाली,
रेषाच उरल्या नाहीत की ओ, अज्जा.
मी पेराकडं बघितलं.
भाजल्याची खूण.

खोटं कशाला बोलू, आधी बरं वाटलं.
जिभेवर गूळ ठेवल्यासारखं.
घे, म्हटलं मनात, घे, छाट.
मग तो मागं वळला
आणि त्याच्या तोंडावर मला ते दिसलं
जे माझ्या तोंडावर असणार
एकतीस वर्षं, दर संध्याकाळी.

त्यानं मला ओळखलं नाही. कसं ओळखणार?
त्याच्यापुढं मी नुसती बोटं होते.

साक्षीदार लागतो, पोरगी म्हणाली,
आणि माझ्याकडं बघून:
इवर गोत्तेन्री?
तिच्या भाषेत गोत्त म्हणजे माहीत.
माझ्या भाषेत गोत म्हणजे सोयरे, आपली माणसं.
मधल्या त्या अर्ध्या त वर
मी उभी राहिले, हातात पासबुक घेऊन.
काय माहीत होतं मला? एक अंगठा.
घरी त्याला कोण होतं,
छाट कमी भरली तर मालक त्याला काय म्हणायचा,
रात्री दिवा घालवल्यावर तो कशावरून अंगठा फिरवायचा,
काही नाही.

हौद्री, म्हटलं. गोत्त.
आयुष्यात पहिल्यांदा कानडीत उत्तर दिलं
आणि ऐकायला महादेवी नव्हती.

त्यानं पैसे मोजले, दोनदा, आणि निघाला.
माझ्याकडं बघितलंही नाही.
मी त्याचं पायताण बघितलं, एकीकडं झिजलेलं,
आणि मनात काहीतरी मोजू लागलं पुन्हा.
सवय.

मग माझी पाळी.
अंगठा ठेवला. तीस वर्षांचा जर्दा, पानं, दोरा
सगळं त्या काचेवर ठेवलं.
कुठलाच दिवा लागेना.
मी मागं वळून बघितलं,
रांगेत मला ओळखणारं
कोण आहे का.