साडेअडुसष्ट

ग्रोविकच्या फियॉर्डमध्ये, किनाऱ्यापासून लांब,
एक पिवळा बोया आहे.
त्याच्याखाली दोनशे मीटर पाणी,
पाण्याखाली चिखल,
चिखलात चार नांगर, चार दिशांना तोंडं करून
बसलेले, वाटणीनंतरच्या भावांसारखे.

धक्क्यावरच्या खुंट्याला टग बांधली तर चालत नाही.
पंख्यानं मागे फेकलेलं पाणी भिंतीवर आपटून परत येतं,
आकडा बिघडवतं.
म्हणून इथे यायचं,
जिथे फेकलेलं परत येत नाही.

आजची टग कोरी आहे. रंगाचा वास येतोय.
सुकाणूवर ओडलाइव्ह, मागे कारखान्याचा माणूस
लाइफ जॅकेटखाली टाय लावून,
आणि तपासनीस हेल्व्हिग, मांडीवर वही,
समोर दोराचा ताण मोजणाऱ्या यंत्राची लाल अक्षरं.

राग्नफ्रिद आपल्या होडीत, बाजूला, थर्मास उघडून.
बोयाची राखण तिच्याकडे, एकोणीस वर्षं.

दोर आधी पाण्यात पोट टाकून पडलेला होता.
मग उठला.
पाणी झटकलं त्यानं, सरळ झाला,
आणि एका सुरात गुणगुणू लागला.
टगच्या मागे फेसाचा पांढरा रस्ता,
सगळं जहाज थरथरतंय, कपाटातल्या बशा वाजताहेत.
दहा मिनिटं जीव खाऊन ओढणं,
आणि कापलेलं अंतर
शून्य.

एकदा आकडा त्र्याहत्तरवर गेला.
टायवाला ओरडला, पाहिलंत?
हेल्व्हिगनं मान वर केली नाही.
उसळी धरत नाहीत इथे. टिकलेलं धरतात.
टिकलं ते साडेअडुसष्ट.
करारात सत्तर.

मग सुरू झालं: भरतीचा प्रवाह असेल,
इंजिन नवं आहे, अजून मोकळं झालेलं नाही,
आणि शेवटी, बोटानं दाखवत,
तो बोयाच सरकला असणार.

राग्नफ्रिदनं कॉफी संपवली. कप झटकला.
म्हणाली, तो सरकला असता
तर मी आत्ता इथे नसते बसले.

खुंटा हलवून बळकट करतात म्हणे.
याला एकोणीस वर्षं किती जणांनी हलवून पाहिलं.

हेल्व्हिगनं लिहिलं. साडेअडुसष्ट. सही केली.
ओडलाइव्ह हळूच हसला,
त्याला तेवढं पुरे होतं,
वादळात लागतं त्याहून जास्तच.

टग गेली. फेस बराच वेळ विरला नाही.
बोया दोनदा डुलला आणि उभा राहिला.
एक पाणकावळा येऊन त्याच्या कडीवर बसला,
पंख उघडे टाकून.

राग्नफ्रिद होडी जवळ घेते,
साखळीवरचे शिंपले सुरीनं खरवडते,
आणि कान लावते लोखंडाला.
आत खोलवर काहीतरी
अजून थोडं थोडं सैल होतंय.

तिच्याकडेही एक वही आहे, कुणी न मागितलेली.
आजच्या तारखेपुढे टगचं नाव ती लिहीत नाही.
लिहिते: बोया,
साडेअडुसष्ट,
दहा मिनिटं.