छप्पन बाइट रिकामे

दुपारी एकला भेटायचं ठरलेलं.
त्रोन्हाइमला दुपारचा एक, म्हणजे
कोबेला रात्रीचे नऊ, शिगेमित्सुचे ओले केस, मागे दोरीवर कपडे;
पोर्तो आलेग्रेला सकाळचे नऊ, इरासेमा
येर्बाचा कडू काढा नळीने ओढत;
आणि माझ्या खिडकीत नोव्हेंबर,
जो तीन वाजले की दिवस आवरायला घेतो.

आमचा प्रोग्रॅम बर्फ मोजायचा.
उत्तरेच्या समुद्रात कुठला तुकडा कुठे सरकेल, एवढंच.
एका कोअरवर चाळीस मिनिटं.
चौसष्ट कोअर लावले, तर सत्तेचाळीस.

हसू नका.
चौसष्ट माणसं एका विहिरीवर लावावीत
आणि पाणी कमी यावं, तसं ते.
पाच महिने.

इरासेमा म्हणायची, लूप चुकलाय.
मी म्हणायचे, कंपायलर.
ती झोपली की मी फाइल बदलायचे,
मी झोपले की ती.
सकाळी उघडावी तर माझी ओळ गेलेली, तिची बसलेली.
खालचे शेरे आधी सभ्य, मग तोकडे,
मग नुसतं ‘का?’
भांड्याला भांडं लागतंच म्हणतात;
पण आमची लागत होती
मधे अख्खा अटलांटिक असून.

शिगेमित्सु बोलायचा नाही.
पडद्यावर त्याचा चौकोन आमच्या भांडणाशेजारी
दिवा लावून बसलेला.
एका मंगळवारी तो म्हणाला, मोजणारे आकडे बघा.
प्रत्येक कोअरचा आपला आकडा, आठ बाइटचा.
कुणी कुणाच्याला हात लावत नाही.
पण राहतात खेटून, आठ जण एका ओळीत,
आणि यंत्र सुटा आकडा नेत-आणत नाही,
अख्खी ओळ उचलतं.
एकाने आपल्यात एक मिळवला
की बाकी सातांच्या हातातली ओळ शिळी.
परत आणा. तोवर दुसऱ्याने लिहिलं. परत आणा.
सगळा वेळ ओढाओढीत; बर्फ आहे तिथेच.

कसं सुचलं, इरासेमाने विचारलं.
तो दोरीवरच्या कपड्यांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, नागाता भागात आमची गल्ली होती,
वळचणीला वळचण टेकलेली.
भूकंपात आमचं घर पडलं नव्हतं.
आग शेजारून आली. त्यांच्याकडे त्यांच्या शेजारून.
नंतर बांधताना मधे जागा सोडली.
आई म्हणायची, ही जागा कुणाच्याच उपयोगाची नाही,
आणि रोज झाडायची.

कॉलवर कुणी काही बोललं नाही.
इरासेमाच्या नळीत शेवटचा घोट वाजला.

प्रत्येक आकड्यापुढे छप्पन बाइट रिकामे सोडले.
बदल दोन ओळींचा. तिने लिहायच्या की मी,
यावरही घोडं अडलं थोडं; शेवटी त्यालाच लिहायला लावल्या.
बावन्न सेकंद.
पुन्हा चालवलं. मग तिसऱ्यांदा, उगाच.
बाहेर निदेल्वा नदी दिसेनाशी झाली होती,
हीटर टिकटिकत होता,
आणि बावन्न म्हणजे काय हे कळेल असं
गावात माझं कुणी नव्हतं.
मी तिला फोन केला. मीटिंग सोडून पहिल्यांदाच.
तिच्या दारात जकरंदा फुलला होता.
ती तेच सांगत बसली, मीही ऐकत बसले;
बावन्न सांगायचं राहूनच गेलं की काय,
असं ठेवताना वाटलं. सांगितलं होतं. आधीच.

पेपर तपासणाऱ्याने समासात विचारलं,
एवढी मेमरी वाया का घालवता?
त्याला आम्ही आलेख पाठवला.

परवा नवा विद्यार्थी, स्वेनुंग, फार नीटनेटका मुलगा,
फाइल साफ करता करता त्या रिकाम्या जागेपाशी पोचला
आणि पुसायला निघाला.
मी त्याला वरची सूचना दाखवली.
तीन भाषांत, तीन हातांची, एकीखाली एक,
मधे एकेक कोरी ओळ:
इथे काही नाही.
असू द्या.