जगली, मेली

वहीत रकाने दोनच.
वैशाखात मी टेकाड चढतो,
कमरेला कोयता, खिशात निळं पेन,
गगनबावड्याच्या वाऱ्यात पानं फडफडू नयेत म्हणून
वहीला सायकलच्या ट्यूबचं रबर.

पहिल्या वर्षी सहाशे लावली,
ऑस्ट्रेलियन बाभळीचं रान तोडून.
ते रान माझ्या बापानंच लावलेलं,
रोजगार हमीवर, बारा रुपये रोजानं.
एवढ्या वर्षांत त्यावर एक घरटं दिसलं नाही.
पाखरं यायची, फांदी चाचपायची,
चहाला न थांबणाऱ्या पाव्हण्यासारखी निघून जायची.
तोडताना बापाला सांगितलं नाही.
कुऱ्हाडीचा आवाज वाडीपर्यंत गेलाच.
रात्री ताटावर एवढंच म्हणाला,
"सायेबानं हिरवं करा म्हटलं, आमी केलं."

एक बाभूळ ठेवली.
दुपारच्या भाकरीला सावली हवी, असं मी सगळ्यांना सांगितलं.

बिया आणल्या ठकूबाई यमकरनं
धनगरवाड्यावरनं, ओच्यात बांधून.
ऐन, किंजळ, नाणा, हिरडा,
जांभळाच्या आठळ्या अजून ओल्या.
"जांभूळ थांबत न्हाई, आजच पुर.
हिरडा लई गुर्मीचा. शेणकाल्यात ठेव,
मग येतोय वळणावर."
नांद्रुक मागितलं तर हसली.
"त्ये माणसाच्या हातचं न्हवं.
पाखराच्या पोटातनं जाऊन यावं लागतंय त्याला."

खड्डे काढायला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं
नलू निगवेकर यायची, पहाटेच्या एसटीनं.
पुरात तिच्या दोनशे गणपतींचा चिखल झाला होता,
भिंतीवर छातीएवढी रेघ अजून आहे.
टिकाव मारता मारता एकदा थांबली,
खाली कुंभी नदी दिसते तिकडं बघत म्हणाली,
"माझ्या घरात आलेलं पाणी हितनंच निघालं न्हवं?"
मी काय बोलणार.
ती परत वाकली. माती फार चांगली ओळखते ती,
मुठीत दाबून वास घेते आणि मगच रोप लावते.

दुसऱ्या वर्षी: जगली चारशे बारा.
मेली, त्यातली एकवीस गव्यांनी.
साहेब म्हणाले, कारण लिही.
'गवा' लिहिलं.
ज्याच्यासाठी लावली त्यानंच खाल्ली,
तर ती मेली धरायची
का पोचली?

तिसऱ्या वर्षी वणवा आला, पलीकडच्या गवतातनं.
राखेत नुसत्या काठ्या.
मी एका ओळीवर बसून 'मेली' लिहीत गेलो,
पेन गरम झालेलं.
त्या दिवशी बाप पहिल्यांदा वर आला,
गुडघे धरत, दोनदा बसत.
एका काठीपाशी उकिडवा बसला,
बुंध्याला नखानं खरवडलं,
"हितं बघ. खाली हिरवं हाय."
पुढच्या ओळीत गेला. तिथंही खरवडलं.
संध्याकाळपर्यंत त्याची नखं काळी
आणि माझ्या वहीत खाडाखोड,
जी चालत नाही म्हणून
मला कार्यालयात उभं केलं होतं अर्धा तास.

यंदा सातवं वर्ष.
ओढ्याला होळीनंतरही टिचभर पाणी राहिलं,
त्यावर शेकरूनं चावून टाकलेली साल तरंगत होती.
आकडा सांगत नाही, वहीत आहे.

पण भाकरी सोडायला त्या राखलेल्या बाभळीखाली बसलो
आणि मान वर गेली.
बेचक्यात, दोन पुरुष उंचीवर,
चार पानं. जाड, चकचकीत.
एक बारीक मूळ खोडाला चिकटून
खालची वाट चाचपत निघालेलं.
नांद्रुक.
म्हणजे कोणतं तरी पाखरू
शेवटी थांबलं होतं तिथं, पोट हलकं होईपर्यंत.

वहीत तिसरा रकाना नाही.
समासात रेघ ओढली, नाव लिहिलं नाही.

बाप आता वर येत नाही.
अंथरुणावरनं सगळं ऐकलं, डोळे मिटून.
कुठल्या अंगाला, विचारलं.
उगवतीच्या, म्हटलं.
"मग माझं झाड मरंल की रं त्याच्या मिठीत."
व्हय. पण त्याला तीस-चाळीस वर्षं लागतील.

थोडा वेळ हिशेब केल्यासारखा गप्प राहिला.
"मग घाई न्हाई," म्हणाला,
आणि कूस बदलली.