समासातली दुरुस्ती

भोसरीच्या शेडमध्ये पंखा बंद करून बसते मी.
झुळूक आली तरी तराजू ढळतो.

सिलिंडरवर लेबल: कार्बन डायऑक्साइड, पाच टक्के.
पाच म्हणजे नक्की किती?
वॉर्डातला मॉनिटर विसंबतो या सिलिंडरवर,
सिलिंडर माझ्या तराजूवर,
तराजू मखमलीतल्या त्या वजनावर
जे चिमट्यानंच उचलायचं,
बोटाच्या तेलालाही वजन असतं म्हणून.

मॅन्युअल लिहिलंय समुद्रकाठी बसून.
आपल्याकडे दाब सातशे बाराच्या आसपास.
ढमढेरे सर रिटायर होताना
समासात पेन्सिलीनं लिहून गेले:
इथला श्वास इथल्या हवेत मोजा.

आज फरक शून्य पूर्णांक शून्य चार.
बाहेर, टेम्पोंच्या धुरापलीकडच्या साध्या हवेतही
तो असतो जवळपास एवढाच.
मर्यादेत आहे. सही करता येईल.

परवा नाना पेठेत, भावजयीच्या ऑपरेशनला,
दाराच्या काचेतून दिसली ती हिरवी रेघ:
चढ, सपाटी, उतार. चढ, सपाटी, उतार.
कुणाच्या सहीचा सिलिंडर, विचारावंसं वाटलं.
विचारलं नाही.

नळी काढली, पुन्हा जोडली.
शून्य चार.
पुन्हा. शून्य तीन.
तिन्ही आकडे लिहिले, खोडलं काहीच नाही.
सरासरी उद्या काढेन.
पंखा लावला.