मानस

चोडणच्या खाजणात, बांधाच्या टोकाला
रुझारियोची मानस. मी तिथं नुसती
सुंगटं मोजायला : किलो, दर, उधारी.
अकरा वर्षं.

दार तो उघडायचा. कधी, कसं,
मी विचारलं नाही.
"आयक गो, उदक उलयता,"
एवढंच म्हणायचा, तंबाखू मळत.
मी हातचा धरून बेरीज करायचे.

परवा घसरून त्याचा पाय मोडला.
निरोप आला : आज रात्री तू.

कंदील, भिजका दोर, फळ्यांवर शेवाळ.
कागदावर वेळ होती पावणेतीनची.
अडीचलाच माझी मान वळली.
फटींतून झिरपणाऱ्या पाण्याची गुळगुळ
बारीक होत गेली, आणि
झोपेत बोलणारं मूल गप्प व्हावं
तशी थांबली.

म्हणजे आत-बाहेर पाणी सारखं.
म्हणजे आता.

हे मला कुणी शिकवलं?
मी आकड्यांत होते तेव्हा
माझे कान परस्पर शाळेत जात होते.

फळी दुसऱ्या हिसक्याला उचलली.
जाळं मात्र उलटं बांधलेलं,
निम्मी सुंगटं खाडीत.

सकाळी रुझारियोनं वजन विचारलंच नाही.
"कितें वेळार उगडलें?"
"अडीच."
त्यानं चुन्याची डबी माझ्याकडे सरकवली.